नोंद घ्यावी

मोहिते अण्णा कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नसत. ते विचारत, "तुमच्याकडे किती?"

मी त्यांच्या बेंगळूरमधल्या जयनगरच्या घराची वरची खोली भाड्याने बघायला गेले, तेव्हा फाटकातच त्यांनी मला हे विचारलं. मला वाटलं, पगार विचारून राहिले. नागपूरहून नवीनच आलेली, कॉम्प्युटर कंपनीत लागलेली पोरगी मी. घाबरून पगार सांगूनही टाकला. अण्णांनी तोंड वाकडं केलं.

"ते नको अम्मा. व्होल्टेज! आत्ता राहतेस तिथं संध्याकाळी सात वाजता किती असतं?"

मला काय माहीत बाप्पा! मी म्हटलं, दिवा लागतो. अण्णांनी आत बघून हाक मारली, "सरोजा, ही पोरगी दिवा लागतो म्हणते बघ." आतून सरोजा अक्का पदराला हात पुसत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला नंतर दोन वर्षं रोज दिसली ती काळजी होती. त्या हळूच म्हणाल्या, "खोली घे गं तू. त्यांना कुणीतरी बोलायला पाहिजे."

अण्णा म्हणजे वेंकोजीराव मोहिते. घराणं मूळचं आपल्याकडचं, पण तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बेंगळूरला आलेलं आणि मग परत जायचं राहूनच गेलेलं. त्यांची मराठी अशी की दर तिसऱ्या वाक्यात एक "स्वल्प" म्हणजे थोडं, दर पाचव्या वाक्यात एक "सरी" म्हणजे बरं, आणि काही बिघडलं की "आय्यो". धंदा स्टॅबिलायझरचा. तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या दशकात, प्रत्येक फ्रिजपाशी आणि टीव्हीपाशी एक पत्र्याचा डबा असायचा, आठवतो ना? वीज कमी-जास्त झाली की आतून टक् टक् वाजायचा. घरामागच्या शेडमध्ये अण्णा तो डबा बनवत. अकरा कामगार, त्यातल्या नऊ बायका, बहुतेक शहराबाहेरच्या आनेकलकडून बसने येणाऱ्या. तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळायचं नाजूक काम त्या करायच्या.

तर वीज वाईट म्हणून अण्णांचं घर चालायचं. आणि अण्णांचा आयुष्याचा ध्यास काय होता? वीज सुधारावी!

त्यासाठी त्यांनी गॅरेजच्या वर एक संस्था काढली होती. पितळेची पाटी, तीन भाषांत: 'मोहिते धोरण चिंतन केंद्र'. अध्यक्ष अण्णा. खजिनदार अक्का, म्हणजे कॉफी करणाऱ्या. लेटरहेडवर 'सचिव' या शब्दापुढे जागा मोकळी होती. खोलीच्या करारात अट घालून ती जागा त्यांनी माझ्या नावाने भरली. केंद्राला एक कॉम्प्युटर होता, त्याला एकापाठोपाठ एक तीन स्टॅबिलायझर लावलेले. दर गुरुवारी अण्णा सरकारला एक पत्र लिहीत आणि मी ते टाइप करत असे. देशाचं वीज धोरण कसं असावं, खेड्यातल्या तारा किती जाड असाव्यात, ट्रान्सफॉर्मर कुठे बसवावा. पत्र बेंगळूरच्या सरकारला नाही, थेट दिल्लीला. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य: नोंद घ्यावी.

हे वाक्य त्यांच्या जिभेलाच चिकटलं होतं. "कॉफी गार होते आहे, नोंद घ्यावी." "मांजर पुन्हा शेडमध्ये व्याली, नोंद घ्यावी." एकदा अक्का रुसून बहिणीकडे निघाल्या, तर रिक्षापर्यंत मागे जाऊन म्हणाले, "मला एकट्याला जेवण जात नाही. नोंद घ्यावी." अक्का परत फिरल्या.

बारा वर्षं पत्रं गेली. उत्तर एकालाही आलं नाही. अक्का देवापुढे रोज हात जोडून म्हणायच्या, "देवा, ह्यांचं कुणी ऐकायला नको रे." मी हसायची. अक्का हसत नसत. "तू नवीन आहेस अम्मा. सरकारनं ऐकलं तर शेड बंद. अकरा घरं आहेत ती." हे अण्णांना कळत नव्हतं असं नाही. कधी कधी पत्र सांगता सांगता ते थांबत, खिडकीतून शेडकडे बघत, आणि म्हणत, "लिहिलं नाही तर पाप, लिहिलं तर पोट. काय करायचं सांग, नागपूर." ते मला नावाने हाक मारत नसत. नागपूर म्हणत.

केंद्राची खरी कमाई म्हणजे एक फाईल. अण्णांनी प्रत्येक कामगाराला एक छोटा मीटर दिला होता, भिंतीतल्या प्लगात खोचायचा. सोबत चिठ्ठ्यांचं पॅड. रोज संध्याकाळी सातला घरचा आकडा बघायचा, चिठ्ठीवर लिहायचा, सकाळी आणून द्यायचा. चिठ्ठीला उजवीकडे रेघ मारून समास सोडलेला, वर लिहिलेलं 'विशेष'. पंखा हळू फिरला, दिवा लाल झाला, असं काही असेल तर तिथं लिहायचं. या कामासाठी सगळ्यांना पदवीही दिली होती: फील्ड रिसर्चर.

मला पहिल्याच दिवशी मीटर आणि पॅड मिळालं. मी दोन वर्षं आकडा टाकून चिठ्ठी त्यांच्या दाराखालून सरकवत आले. दोनशे पाच. एकशे नव्वद. बस. विशेष काय लिहायचं? मुळात मला या सगळ्याची कटकट व्हायची. ऑफिसातून थकून यायचं, त्यात एसटीडी बूथवर रांग लावून आईला फोन करायचा. ती नागपूरला एकटी. आणि वर हा मीटर बघायचा.

महिन्याच्या शेवटी अण्णा चिठ्ठ्यांवरचे आकडे मोठ्याने वाचत आणि मी टाइप करत असे. मधेच ते थांबायचे, चष्मा पुसायचे, मग पुढची चिठ्ठी घ्यायचे. कामगारांच्या चिठ्ठ्यांचे समास कन्नड अक्षरांनी गच्च भरलेले दिसायचे, खाली लाल शाईत अण्णांचं काहीतरी. मी एकदा विचारलं, एवढं काय लिहितात? अण्णा घाईने म्हणाले, "टेक्निकल आहे, नागपूर. तुला नको."

आणि मग एका गुरुवारी उत्तर आलं.

दिल्लीच्या कुठल्याशा सल्लागार समितीचे एक सभासद बेंगळूरला येणार होते. विमान पकडायच्या आधी अर्धा तास ते केंद्राला भेट देतील, आपलं म्हणणं ऐकतील, पटलं तर समितीपुढे ठेवतील. अण्णांनी पत्र तीनदा वाचलं, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सरोजा, स्वल्प पाणी." अक्का देवघराकडे बघून म्हणाल्या, "काय केलंस रे हे!"

पुढचे आठ दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. अण्णा रात्रंदिवस एकच घोकत, साहेब काय विचारतील? अक्कांना वाटायचं, शेड गेली. मला वाटायचं, माझ्या टायपिंगात चूक निघेल आणि बारा वर्षांवर पाणी पडेल. त्यात अण्णांच्या डोक्यात आलं की एवढ्या मोठ्या केंद्राला सभासद दिसले पाहिजेत. मी म्हटलं, "अण्णा, आहोत तेवढे दाखवू ना." "तीन माणसांचं चिंतन दिल्ली ऐकत नाही," असं म्हणून त्यांनी अकरा खुर्च्या मांडल्या, अकरा नावांच्या पाट्या केल्या आणि कामगारांना सांगितलं, त्या दिवशी शेड बंद, सगळ्यांनी चांगले कपडे घालून वर बसायचं, बोलायचं मात्र नाही.

त्या सकाळी सगळ्या बायका रेशमी साड्या नेसून, मोगरा माळून हजर. मुनियम्मा सगळ्यांत मोठी, पंधरा वर्षं अण्णांकडे कॉइल गुंडाळणारी. ती पाटीमागे अशी ताठ बसली की मीच बिचकले. अण्णा दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या मीटरपाशी जात. कमी व्होल्टेज साहेबांना प्रत्यक्ष दाखवायचं, असं ठरलं होतं. साडेदहाला त्यांची किंकाळीच आली.

"आय्यो! दोनशे तीस!"

दोन वर्षांत त्या घरात मी दोनशे तीस पाहिलं नव्हतं. नेमकी आज वीज मेली शहाण्यासारखी वागून राहिली होती. अण्णांच्या कपाळावर घाम. मीटरच्या काचेवर टिचकी मारून म्हणाले, "स्वल्प पड ना रे, अर्ध्या तासाची गोष्ट आहे." अक्का मात्र पहिल्यांदाच हसल्या.

साहेब वेळेवर आले. उंच, करड्या केसांचे, घाईतले. अण्णांनी वाचायला सुरुवात केली, दोन पानं झाली, तोच त्यांनी हात वर केला. "मोहिते, तुम्ही काय बनवता?"

"स्टॅबिलायझर, सर."

"म्हणजे वीज सुधारली तर तुमचा धंदा बुडेल."

"होय सर."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "माझ्याकडे धोरण घेऊन येणाऱ्या प्रत्येक उद्योजकाला स्वतःसाठी काहीतरी हवं असतं. तुम्हाला काय हवं?"

हा प्रश्न अण्णांनी घोकून ठेवलेल्यांत नव्हता. ते गोंधळले आणि खरं तेच म्हणाले, "स्वल्प व्होल्टेज."

साहेबांना ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसतच होतं. टाइप केलेले आकडे कुणीही बनवू शकतं, म्हणाले, मूळ नोंदी आहेत का? अण्णांनी फाईल पुढे केली. साहेबांनी मधूनच एक चिठ्ठी उघडली. "बाजूला हे काय आहे?"

"टेक्निकल रिमार्क्स, सर."

"कुणाची चिठ्ठी?"

मुनियम्माने लांबूनच आपलं अक्षर ओळखलं आणि न बोलायचा हुकूम विसरून उभी राहिली. साहेबांनी चिठ्ठी तिच्यापुढे धरली, वाच म्हणून खूण केली. तिने कन्नडमध्ये चांगलं मिनिटभर वाचलं. साहेबांनी अण्णांकडे पाहिलं.

अण्णा इंग्रजीत म्हणाले, "एकशे पस्तीस व्होल्ट."

"एवढंच? ती बराच वेळ बोलली."

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. मग एकेक शब्द सावकाश इंग्रजीत सांगितला, आणि मला इथे येऊन दोन वर्षांनी कळलं की त्या समासात काय चालायचं.

"ती लिहिते: थोरली परीक्षेत पहिली आली. पण दिव्यात अक्षर दिसत नाही, देवळाच्या दिव्याखाली जाऊन वाचते, मला धास्ती वाटते. अण्णा, तुम्ही दिल्लीला लिहिता ते खरं झालं तर आपला डबा कोण घेणार? मी काय करू?"

"आणि खाली लाल शाईत?"

"ते माझं आहे सर."

"वाचा."

अण्णांनी चष्मा परत लावला. "आधी तुझ्या घरात उजेड. डब्याचं मी बघतो. नोंद घेतली."

साहेबांनी आणखी चार-पाच चिठ्ठ्या उलटल्या, कन्नड येत नसताना. मग म्हणाले, "ही फाईल मला द्या. मी समितीपुढे ठेवतो."

बारा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि अण्णा फाईलवर हात ठेवून उभे. "झेरॉक्स देतो सर. कोपऱ्यावरच दुकान आहे. दहा मिनिटं."

मी फाईल उचलली आणि धावले. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि मशीनचा दिवा विझला. वीज गेली! शेजारच्या दुकानाची गेली, रस्त्याची गेली. दुकानदार म्हणाला, एक तास तरी येत नाही. मी तिथं वेड्यासारखी उभी राहिले. काहीतरी करायचं म्हणून फाईल चाळायला लागले, की दोन-चार चिठ्ठ्या तरी हाताने उतरवता येतील. तर माझ्याच चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे आला. आकडा, कोरा समास, लाल टिकमार्क. आकडा, कोरा समास, टिकमार्क. आणि एका चिठ्ठीवर, माझ्या कोऱ्या समासात, लाल शाईत, मला वाचता यावं अशा नव्हे तर स्वतःपुरत्या बारीक देवनागरीत लिहिलं होतं: 'आज पोरीचे डोळे सुजलेले. विचारू नये. सरोजाला सांगून खीर करवली.'

तारीख बघितली. बाबांचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशी, आणि मला सुट्टी मिळाली नव्हती. अक्कांनी खीर वर पाठवली होती, मला आठवलं. मी म्हटलं होतं, आज काय विशेष? अक्का म्हणाल्या होत्या, काही नाही, दूध जास्त झालं.

मी परत आले. वीज नाही, एवढंच सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, पोस्टाने आलेलं तिथं कुणी उघडत नाही, द्यायचं तर आत्ता द्या म्हणाले, आणि गाडीवाल्याने खाली हॉर्न दिला. अण्णांनी माझ्या हातून फाईल घेतली आणि छातीशी धरली. द्यायची तर सगळ्या घरांच्या गोष्टी दिल्लीला जाणार. नाही द्यायची तर बारा वर्षं फुकट, आनेकलचे दिवे लालच राहणार. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या फाईलमध्ये बारशी होती, ताप होते, शाळेचे निकाल होते.

मुनियम्मा म्हणाली, "कोडी अण्णा." द्या म्हणाली. "आम्ही परत लिहू."

अण्णांनी फाईल साहेबांच्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली. "नोंद घ्यावी," म्हणाले, इतक्या हळू की बहुतेक ऐकूच गेलं नसेल.

साहेबांचं काही आलं नाही. महिना गेला, चार महिने गेले. आनेकलचे आकडे तिथेच. अण्णांनी मात्र शब्द पाळला होता. भेटीच्या आठवड्यातच गुपचूप माझ्या कंपनीत जाऊन कॉम्प्युटरच्या यूपीएससाठी लागणाऱ्या कॉइल कशा असतात ते बघून आले होते. मुनियम्माच्या टेबलावर आता नवी, जाड तार आली होती. उद्या डबा बंद पडला तर हात रिकामे राहू नयेत म्हणून.

गुरुवारची पत्रं चालूच होती, पण त्यांचा मजकूर बदलला. मीच टाइप करायची, म्हणून सांगते. ट्रान्सफॉर्मर गेला, तारांची जाडी गेली. सगळं पत्र दोन ओळींचं व्हायचं. 'आमच्या शिफारशी आपण स्वीकाराव्यात अथवा न स्वीकाराव्यात. मूळ फाईल मात्र काम झाल्यावर कृपया परत पाठवावी. नोंद घ्यावी.' पत्र सांगून झालं की ते रिकाम्या कपाटाकडे बघत बसायचे. मला रडू यायचं आणि रागही यायचा, कुणावर ते कळत नसे.

अशाच एका गुरुवारी एसटीडी बूथवर मावशीने मला सांगितलं की आईच्या पोटात गाठ निघाली, सोमवारी ऑपरेशन आहे. माझं तिकीट शनिवारचं झालं. खोलीत आले. सवयीने सात वाजता मीटर बघितला. दोनशे दहा. चिठ्ठीवर लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले. मग समासात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, लिहिलं:

'आईचं सोमवारी ऑपरेशन. मला फार भीती वाटते अण्णा. नोंद घ्यावी.'

चिठ्ठी दाराखालून सरकवली आणि पळतच वर आले. खाली अण्णांचा खाकरण्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अक्कांशी काहीतरी हळू बोलणं. कपाट उघडलं, मिटलं. मग जिन्यावर चपला वाजल्या, थांबल्या, आणि माझ्याच दाराखालून माझीच चिठ्ठी परत आली. लाल शाई अजून ओली होती.

'२१० बरं आहे. नोंद घेतली. सरोजा तुझ्याबरोबर नागपूरला येते, तिची बॅग भरून झाली. पोचल्यावर तिथलं किती ते कळव, आणि समास कोरा ठेवू नको.'